गोष्ट चाळीस पानांची, झाकू बारा सेंटिमीटरचा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

चाळिशीला टेकलेले हे वाचक पुण्याजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतात. जपानी 'गंडम' मालिकेतल्या महाकाय यंत्रांची प्लॅस्टिक मॉडेल्स जोडण्याचा, म्हणजे गनप्लाचा, त्यांना बऱ्याच वर्षांपासून नाद आहे. सध्या ते एका डायोरामात, म्हणजे एखादा प्रसंग जागेसकट छोट्या मापात मांडण्यात, गुंतले आहेत. देवगडकडच्या एका खाडीत १/१४४ मापाचा झाकू (मालिकेतलं शत्रुपक्षाचं यंत्र) चौदा वर्षं चिखलात रुतून उभा आहे आणि गावातला एक म्हातारा मेस्त्री तो पुन्हा चालता करण्याच्या मागे लागला आहे, असा प्रसंग. यामागची कहाणी त्यांनी वहीत चाळीस पानं लिहिली आहे: युद्ध कसं पेटलं, तह कसा झाला, पायलट कोण होता, गावाने काय सोसलं. पण डायोरामा काही पुढे सरकत नाही. छंदाच्या गटातले मित्र विचारतात, "हे मूळ मालिकेत कुठे आहे? झाकू कोकणात कुठून आला?" घरी आलेले पाहुणे म्हणतात, "छान आहे, पण नक्की काय चाललंय इथे?" एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवून निवृत्त झालेले वडील म्हणाले, "अजून खेळणीच मांडतोस?" वाचकांचा प्रश्न असा: गोष्ट सोडून खोक्यावरच्या चित्राबरहुकूम मॉडेल पूर्ण करू, की मॉडेल सोडून नुसती गोष्टच लिहून काढू? दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

उत्तर

तुम्ही पत्रासोबत वहीतली काही पानं आणि कामाचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. नुसतं पत्र वाचून मी वेगळंच काही लिहिलं असतं.

वहीतल्या पायलटला नाव आहे, हुद्दा आहे, त्याच्या तुकडीला इतिहास आहे. सगळं मेहनतीने रचलंय, तरी वाचताना मन कुठे अडकत नाही. मग मेस्त्री येतो. गुडघ्याच्या सांध्यातून ठिबकणारं तेल तो दोन बोटांत चोळतो, नाकाशी नेतो आणि सोबतच्या पोराला म्हणतो, "पाणी शिरलंय आत." जाम झालेल्या नटावर तो जोर करत नाही. रॉकेल सोडतो आणि घरी जाऊन झोपतो, सकाळी तो नट आपणहून ऐकणार हे त्याला ठाऊक असतं. इथून पुढे तुमचं लिहिणंच बदलतं. वाक्यं आखूड होतात, विशेषणं गळून पडतात. हा माणूस तुम्हाला कुठल्या मालिकेत भेटलेला नाही, घरात भेटलाय. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी मित्रांचा आक्षेप घेऊ. गोष्ट पडद्यावर नव्हती म्हणून ती खरी नाही, हे गृहीतक या छंदाच्या इतिहासातच टिकत नाही. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली मूळ मालिका एप्रिल १९७९ मध्ये जपानी टीव्हीवर सुरू झाली. प्रेक्षक कमी पडले आणि ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांत आटोपली. मग जुलै १९८० मध्ये बांडाई कंपनीने गंडमचं पहिलं मॉडेल काढलं, १/१४४ मापाचं, किंमत ३०० येन. मॉडेल्सवर उड्या पडल्या. पडद्यावर दिसलेली यंत्रं मोजकीच होती, ती जोडून संपली, आणि छंदाच्या मासिकांतून हौशी मंडळी स्वतःच्या मनातली रूपं घडवू लागली. १९८३ पासून बांडाईनेच अशी मॉडेल्स बाजारात आणली, जी मालिकेत कधी आलीच नव्हती. वाळवंटात लढणारा झाकू, पाण्याखाली उतरणारा झाकू, आणि प्रत्येकाला त्याचा पायलट, त्याची तुकडी, त्याच्या लढाया. आज तुमचे मित्र ज्याला 'मूळ' म्हणतात त्यातला मोठा हिस्सा असा मॉडेलांच्या टेबलावरून आत आला आहे.

जपानी मॉडेलकार को योकोयामांचं उदाहरण तर याहून स्वच्छ आहे. १९८२ मध्ये 'हॉबी जपान' या मासिकात त्यांनी निरनिराळ्या मॉडेलांचे सुटे भाग जोडून घडवलेली यंत्रं आणि त्यांच्यामागची भविष्यातल्या युद्धाची कहाणी महिन्यामागून महिने छापायला सुरुवात केली. मागे टीव्ही नाही, सिनेमा नाही. मॉडेल, त्याचा फोटो आणि गोष्ट, एवढंच. ते विश्व आता 'मशिनेन क्रीगर' या नावाने ओळखलं जातं आणि त्याची मॉडेल्स अजून निघतात, अजून जोडली जातात. तेव्हा "कुठल्या मालिकेतलं?" असं कोणी विचारलं तर ओशाळू नका. मूळ मालिकेतलं युद्धसुद्धा अंतराळातून पृथ्वीवर उतरतं आणि जगभर पसरतं. एक झाकू देवगडच्या खाडीत येऊन पडला तर कुठलाच नियम मोडत नाही.

तरीही मूळ विश्वातून एक गोष्ट जरूर उचला, ती म्हणजे तिथलं धातूंचं शास्त्र. त्या विश्वात गंडमचं, म्हणजे नायकाच्या यंत्राचं, चिलखत 'लुना टायटॅनियम' नावाच्या काल्पनिक मिश्रधातूचं आहे आणि झाकूचं पोलादी मिश्रधातूचं. टायटॅनियमला तांबडा गंज चढत नाही, पोलादाला चढतो. तुम्ही झाकू निवडलात म्हणून तुमचा गंज मुळातच पटण्याजोगा आहे. हीच चौदा वर्षं गंडमवर दाखवायची असती, तर शेवाळ, क्षार आणि उडालेला रंग एवढ्यावरच भागवावं लागलं असतं.

इथेच तुमच्या मुख्य अडचणीपाशी येऊन पोचलो. पाहुण्यांना सगळी गोष्ट कळली पाहिजे असं तुम्ही धरून चालला आहात. ती कळत नाही म्हणून कधी तुम्ही वहीत पानं वाढवता, कधी पाटावर वस्तू वाढवता. मला वाटतं पार्श्वकथा प्रेक्षकासाठी नसतेच. हातात ब्रश असताना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं देण्यासाठी ती असते. गंज कुठे दाखवू? कुठला भाग घासून गुळगुळीत झालाय? कुठला भाग नवा आहे? याची उत्तरं जिथे गोष्टीतून येतात, तिथे बघणाऱ्याला कहाणी माहीत नसली तरी काहीतरी खरं घडून गेलंय हे जाणवतं. उत्तरं 'छान दिसतंय म्हणून' अशी आली की तेही जाणवतं.

तुमच्या फोटोंतच पाहा. गंज पाठीवर जितका आहे तितकाच पोटावर आणि तितकाच काखेत. स्पंजने टिपके मारण्याची तुमची कला उत्तम आहे, पण त्या टिपक्यांना चौदा वर्षांची खबर नाही. आता गोष्टीला विचारू. यंत्र खाडीत उभं आहे. देवगडकडे भरती-ओहोटीला पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं, म्हणजे १/१४४ मापात चौदा मिलिमीटर. झाकूच्या नडगीवर तेवढा पट्टा आखून घ्या. पट्ट्याच्या खालच्या भागात आणि त्याखाली काळपट हिरवं शेवाळ आणि कालवांची खरखरीत पांढुरकी पुटं. पट्ट्याच्या वरच्या कडेला आणि तिच्या किंचित वर सगळ्यात जास्त गंज, कारण तिथे ओलं-कोरडं सतत चालू असतं. त्याहून वर खाऱ्या वाऱ्याने आलेला हलका गंज आणि त्याचे खाली ओघळलेले डाग. यंत्राचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे आजच ठरवा. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस ज्या बाजूला झोडपतो तिथला रंग फिका आणि धुतलेला दिसेल, ऊन न लागणाऱ्या उत्तर अंगाला शेवाळ राहील. खांद्यावरच्या ढालीच्या खाली, जिथे पाऊस पोचतच नाही, तिथे मूळ हिरवा रंग जवळजवळ जसाच्या तसा ठेवा. एवढा एक कोरडा तुकडा बाकीच्या चौदा वर्षांची साक्ष देईल.

म्हणून माझी पहिली सूचना. लाल पेन्सिल घ्या आणि चाळीस पानं सावकाश वाचा. ज्या वाक्यामुळे प्लॅस्टिकवर, मातीवर किंवा रंगात काही बदलतं त्याच्याखाली रेघ ओढा. तहाच्या वाटाघाटींची पानं कोरी राहतील. त्यांना वहीत सुखाने राहू द्या, फाडायची काहीच गरज नाही. पण तुम्ही सहज लिहून गेलात ते एक वाक्य बघा: मेस्त्री बुडालेल्या ट्रॉलरचा पत्रा कापून आणतो आणि डाव्या गुडघ्याला ठिगळ लावतो. या एका ओळीत सगळा डायोरामा आहे. ठिगळाचा पत्रा निळा, कारण ट्रॉलर निळा होता. त्यावर नोंदणी क्रमांकाचा एखादा आकडा अर्धवट कापला गेलेला. कडेने वेल्डिंगची ओबडधोबड शिवण. पाहुण्याला युद्धाची तारीख सांगावी लागणार नाही. हे यंत्र मरून पडलं होतं आणि कोणीतरी बोटीचा पत्रा लावून त्याला उठवतंय, हे तो स्वतःच वाचेल.

हे ठिगळ करताना मापाचं भान ठेवा. ०.३ मिलिमीटरची प्लॅस्टिक शीट हाताला पातळ लागते, पण १/१४४ मापात तिची जाडी चार सेंटिमीटरच्या वर जाते. बोटीचा पत्रा एवढा जाड नसतो. जेवणाच्या पार्सलचा अॅल्युमिनियमचा डबा कापा, तो पत्रा जाडीला कितीतरी जवळ जातो, आणि नखाने दाबून त्याला हवा तसा पोचाही पाडता येतो. वेल्डिंगच्या शिवणीसाठी मॉडेलच्या रनरचा (सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) तुकडा मेणबत्तीवर तापवून केसासारखा ओढा, गुडघ्याच्या प्लॅस्टिकवर ठिगळाच्या कडेला लागून बसवा, मॉडेलच्या पातळ गोंदाने मऊ करा आणि ब्लेडच्या धारेने जवळजवळ खुणा दाबा.

माप हा या प्रकारच्या डायोरामाचा प्राण आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर पहारेकरी दरवाज्यापेक्षा उंच असला तरी कोणाचं बिघडत नाही, पोरं आणि बघणारे दोघेही ते मनात सांभाळून घेतात. मेका, म्हणजे महाकाय यंत्रांच्या, डायोरामात मात्र सांगायचं असतं ते आकाराबद्दलच. झाकू साडेसतरा मीटर उंच, म्हणजे तुमच्या टेबलावर बारा सेंटिमीटर. मेस्त्री साडेअकरा मिलिमीटरचा. शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतर दोन मिलिमीटर. आणि वीस मीटर वाढलेला माड चौदा सेंटिमीटर, म्हणजे झाकूपेक्षा उंच! तुमच्या फोटोतले माड त्याच्या कमरेला लागताहेत. त्यामुळे यंत्र मोठं वाटण्याऐवजी झाडंच रोपांसारखी दिसतात. एक माड त्याच्या डोक्यावरून जाऊ द्या. कोकण पाहिलेल्या कुठल्याही माणसाला यंत्राची खरी उंची त्या क्षणी अंगावर जाणवेल, कारण माडाची उंची त्याच्या मानेला आधीच माहीत आहे. बुंध्यासाठी खराट्याची जाड हीर घ्या. तिची जाडी मापात चपखल बसते आणि ती मुळात माडाचीच असते. झावळ्या कागदाच्या, तीन-साडेतीन सेंटिमीटरच्या. माणसांसाठी आगगाडीच्या मॉडेलांमधली जपानी एन गेजची, १/१५० मापाची माणसं चालतात. फरक नजरेला येत नाही.

वजनाचंही तसंच. त्या विश्वातला झाकू पूर्ण भरलेल्या अवस्थेत ७३ टनांच्या वर भरतो, आणि तुमचा चिखलावर नुसता टेकलेला दिसतो. पावलांना स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळा, जमिनीचा थर ओला असतानाच ती घोट्याच्या वरपर्यंत दाबा, भोवती चिखल फुगून वर येऊ द्या आणि वाळल्यावर पाय काढून रंगवायला न्या. रंगाचं म्हणाल, तर खाडीतला चिखल काळपट करडा असतो, तांबडी माती वरच्या जांभ्याच्या उतारावरून येते. तुम्ही सगळीकडे तांबडंच लावलंय. खाली करडा, वर तांबडा आणि मध्ये पावसाने ओघळून आलेली तांबडी रेघ, असं केलंत तर जागा ओळखीची होईल. खरी जांभ्याची धूळ मिळाली तर मलमलीतून चाळा आणि कढईत कोरडी भाजून घ्या, नाहीतर पुढे बुरशी धरते.

आता प्रसंग कुठला निवडायचा? वहीत तीन आहेत. पहिला, गावकरी लांबून रुतलेलं यंत्र बघताहेत. तो शांत आहे, पण त्यात मेस्त्रीचं काम दिसत नाही. तिसरा, यंत्र चालू होतं, डोळा गुलाबी पेटतो, सगळं गाव ओरडतं. याचा मोह मला कळतो. एलईडी बसवायला फार अवघड नाही आणि प्रदर्शनात गर्दी तिथेच होईल. ज्यांना तंत्र दाखवायचंय त्यांनी तो खुशाल निवडावा. पण तुमच्या गोष्टीत तो क्षण आला की प्रश्नच संपतो. माझं मत दुसऱ्याला आहे: नडगीचं झाकण उघडं, आतल्या नळ्या बाहेर, खाली गोणपाटावर हत्यारं मांडलेली आणि मेस्त्रीचा हात कोपरापर्यंत यंत्रात. हे चालेल की नाही, हे बघणाऱ्याला तिथेच ठरवावं लागतं आणि तो थांबतो. १/१४४ च्या साध्या एचजी (हाय ग्रेड) मॉडेलला आतला सांगाडा जवळजवळ नसतोच, म्हणून एकच झाकण उघडा आणि तेवढीच जागा भरा. तांब्याची बारीक तार, गिटारची जुनी तार, बंद पडलेल्या घड्याळाची चक्रं पुरतात. दुसरं झाकण उघडायचा मोह होईल, तो टाळा.

बघणाऱ्याची नजर त्या साडेअकरा मिलिमीटरच्या माणसावर नेणं हे तुमचं खरं काम. सगळ्या पाटावर एकच स्वच्छ, उजळ रंग त्याच्या अंगावर असू द्या, पांढरी बंडी पुरे. यंत्र पाटाच्या कडांना समांतर उभं करू नका, थोडं तिरकं वळवा आणि नडगी पुढे येऊ द्या. अमेरिकेतले शेपर्ड पेन हे अशा रचनेचे मोठे जाणकार. १९७० च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या मॉडेलांच्या खोक्यांत त्यांची डायोरामावरची पत्रकं येत आणि त्यांनी एका अख्ख्या पिढीला प्रसंग मांडायला शिकवलं. त्यांचे डायोरामा बहुतेक दुसऱ्या महायुद्धाचे, पण मांडणीसाठी ते मेकावाल्यांनीही जरूर पाहावेत.

आता तुमचे वडील.

"अजून खेळणीच मांडतोस?" हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. तुम्ही त्यात तुच्छता ऐकलीत. असेलही. पण आजवर त्यांना या छंदातलं काय दाखवलंत? पत्रावरून तरी खोकी, बंदुका, अंतराळातल्या लढाया आणि जपानी नावं, एवढंच. मेस्त्री वहीत राहिला आणि वही तुम्ही घरात कोणालाच वाचायला दिलेली नाही. ज्यात त्यांना शिरायला दारच नव्हतं, त्याला त्यांनी खेळणी म्हटलं. खेळणी म्हणण्यात काही कमीपणा आहे असंही मी मानत नाही, पण तुम्हाला लागलं हे खरं.

त्यांना मॉडेल दाखवायला बोलावू नका. एक प्रश्न विचारा: "बाबा, एखादी गाडी वर्षानुवर्षं पावसात उभी राहिली तर आधी काय जातं?" आणि हातात कागद ठेवा. रबरी होजपाइप कडक होऊन तडकतात, बॅटरीखालचा पत्रा सडतो, दाराच्या खालच्या शिवणीत पाणी साचून रंग आतून फुगतो, पायरीवरचा रंग जिथे पाय पडतो तिथेच जातो. हे मी वरवरचं सांगतेय. ज्याने आयुष्यभर एसटीच्या गाड्या उघडल्या, त्याच्याकडे असं शेकड्याने असेल, आणि ते कुठल्याही मॉडेलिंगच्या पुस्तकात तुम्हाला सापडणार नाही. तेलाचा डाग कुठून सुरू होऊन कुठे वळतो, ग्रीसवर धूळ बसली की तिचा रंग कसा होतो, कुठला नट रोज उघडला जातो आणि म्हणून चकाकतो, हे त्यांना विचारा.

मेस्त्री म्हणजे तेच, असं मात्र त्यांना सांगू नका. त्यांचं ते त्यांना ओळखू द्या. ओळखलं नाही, किंवा ओळखून काही बोलले नाहीत, तरी चालेल. कौतुक मिळवायला म्हणून गेलात तर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसाल आणि ते सांगताहेत ते ऐकायचं राहील. माहिती मागायला जा. ती ते नक्की देतील. कारागीर माणूस कामाबद्दलच्या खऱ्या प्रश्नाला सहसा पाठ फिरवत नाही.

तंत्राबद्दल थोडं, कारण तुमच्यासारखीच अडचण लिहिणाऱ्या इतरांनाही ते लागेल. उडालेला रंग दाखवायला आधी गंजाचा तपकिरी थर द्या, तो पक्का वाळल्यावर केसांना मारायच्या हेअरस्प्रेचे एक-दोन हलके थर, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या अॅक्रिलिकचा हिरवा. काही तासांतच ओल्या ब्रशने कडा घासा, वरचा रंग खऱ्यासारखा सुटतो. रेषांत भरायचा इनॅमलचा पातळ काळा रंग उघड्या प्लॅस्टिकवर आणि ताणाखालच्या सांध्यांवर लावू नका, थिनरने प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकतं. सांधे सुटे करा, आधी क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) थर द्या, मग लावा. थर्माकोलवर स्प्रे कॅन मारलात तर ते विरघळून खड्डे पडतील. फेविकॉल आणि प्लास्टरचा थर देऊन ते आधी पूर्ण झाका. आणि आता पावसाळा आहे. दमट हवेत मॅट क्लिअर पांढुरकं, दुधाळ होतं, आणि महिन्यांची मेहनत पाच मिनिटांत झाकली जाते. कोरडी दुपार मिळेपर्यंत थांबा. स्प्रे मारताना गॅलरीत बसा आणि मास्क चढवा, साधा कापडी नव्हे, रंगाची वाफ अडवणारा.

पाटीवर काय लिहायचं, हे तुम्ही विचारलंत. चाळीस पानांचा गोषवारा नको. मेस्त्रीच्या हातची दुरुस्तीची नोंद लिहा. एसटीत गाडी वर्कशॉपला आली की तक्रार काय, काम काय केलं, कुठला भाग बदलला, काय शिल्लक राहिलं, हे कागदावर उतरवलं जातं. तसाच एक कागद: तक्रार – डावा गुडघा धरत नाही. काम – पत्रा लावला, वेल्डिंग केलं, तेल बदललं. शिल्लक – सील मिळत नाही, मुंबईला निरोप धाडला आहे. चार ओळींत युद्धाचं नावही येत नाही, तरी काळ, टंचाई आणि माणसाची चिकाटी येते. तो कागद डायोरामाशेजारी साध्या पॅडला लावून ठेवा. त्या नोंदींची भाषा बाबांकडून तपासून घ्या, "शिल्लक काम" म्हणतात की आणखी काही, हे त्यांनाच माहीत. ज्या वाचकांना लिहिण्याची तुमच्याइतकी आवड नाही, त्यांनीही हे करून पाहावं: आधी चार ओळींची नोंद लिहायची आणि मगच खोका उघडायचा. चाळीस पानांपेक्षा त्यातून डायोरामा लवकर उभा राहतो.

आणि गोष्ट नुसती लिहूनच काढायची का? लिहा, पण मॉडेलच्या ऐवजी नको. मेस्त्रीचं पुढचं प्रकरण हात चिखलाने माखलेले असतानाच सुचेल, असं त्या पानांवरून मला अगदी खात्रीने वाटतं.

या रविवारी एवढंच करा. पाटावर सध्या अकरा माणसं, दोन गायी, तीन होड्या, तुटलेला साकव आणि देवळाची दीपमाळ आहे. मेस्त्री, त्याचा पोरगा आणि एक होडी ठेवा, बाकी सगळं उचलून डब्यात भरा. पाट करवतीने जमेल तेवढा लहान करा. दीपमाळ मात्र कापसात गुंडाळून ठेवा, ती फार सुंदर झाली आहे आणि तिच्यासाठी पुढे वेगळा डायोरामा करा.